एक ते साठ

10 ऑगस्ट 2018 चा शुक्रवार. दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार, बँक बंद. म्हणून शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तालुक्याला गेले आणि मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, खात्यातून 60,000 रुपये काढले. चेकवर दोन सह्या होत्या, माझी आणि सेक्रेटरीभाऊंची. आमचं चर्च मिशनच्या काळातलं. काळ्या दगडाच्या भिंती अजून ठणठणीत, पण मंगलोरी कौलांखालच्या लाकडाला वाळवी लागलेली. वाशावर बोट दाबलं की भुसा गळायचा. दोन वर्षं आम्ही छप्पर-फंड जमवत होतो. कुणी पगारातून दिले, कुणी कांद्याच्या पट्टीतून, एका आजीने कोंबड्या विकून. 3,12,450 रुपये जमले होते आणि सहा वर्षांपासून खजिनदार मी होते.

संध्याकाळी मिस्त्री घरी आले. लाकडाचा इसार म्हणून त्यांनी 60,000 मोजून घेतले. हे समोर खाटेवर बसले होते. एसटीत कंडक्टर असल्यामुळे नोटा मोजताना कुणाची बोटं चुकली की यांना लगेच कळायचं; त्या दिवशीही मिस्त्रींना यांनी एक गड्डी परत मोजायला लावली. मी वहीचा कागद फाडून चार ओळी लिहिल्या, मिस्त्रींनी सही केली. वखारीची पक्की पावती आली की ही फाडून टाकू, असं ठरलं. चहा झाला, मिस्त्री गेले.

पहाटे पाचला मी उठले तेव्हा हे खाटेवरून उठायचा प्रयत्न करत होते आणि उजवा पाय त्यांच्यासोबत येत नव्हता. तोंड वाकडं झालं होतं. मला हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला तो शब्दाचा नव्हता.

शेजाऱ्यांच्या जीपने नगरला नेलं. सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचे धडधाकट कधी पाहिले होते? रात्री दहाला, मी सांगितलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि झोपेत झटका आला तर घड्याळ झोपण्याआधीपासून धरतात. वेळ गेली होती. दाखल करताना 50,000 रोख भरायला सांगितले. माझ्या भावाने दोन दिवसांपूर्वीच कांदा विकला होता, तो घरातली सगळी रक्कम घेऊन थेट दवाखान्यात आला आणि त्याने पैसे भरले.

हे सगळं इतक्या बारकाईने लिहिते आहे, कारण पुढचे आठ महिने माझ्या आयुष्यात याच दोन दिवसांची चौकशी झाली. शुक्रवारी खजिनदारबाईने मंडळीच्या खात्यातून 60,000 काढले. शनिवारी बँका बंद होत्या. आणि शनिवारीच तिने दवाखान्यात 50,000 रोख भरले. मी स्वतः दुसऱ्या कुणाबद्दल असं ऐकलं असतं तर मलाही शंका आली असती. ही गोष्ट तेव्हा मला मान्य करता येत नव्हती, आज येते.

अकरा दिवसांनी यांना घरी आणलं. उजवा हात छातीशी आखडलेला, बोलणं बंद. वाचाघात, डॉक्टरांनी नाव सांगितलं. समजतं, पण शब्द सापडत नाही. पाणी हवं असलं की हे "गाडी" म्हणायचे, आणि चुकलं हे कळून डोळ्यांत पाणी आणायचे. माझं नाव तर येतच नव्हतं. सकाळी अंघोळ, मालिश, मग शाळा, पोषण आहाराचे रकाने, संध्याकाळी परत व्यायाम. मुलगी नाशिकला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, ती सुट्टी काढून आली आणि मी तिला परत पाठवली.

या धांदलीत तीन गोष्टी माझ्या हातून झाल्या. मिस्त्रींच्या सहीचा कागद हरवला. दवाखान्याच्या फायलीत घातला असेल, जीपमध्ये पडला असेल, देव जाणे. तो आजतागायत सापडलेला नाही. रोजकीर्दीत त्या 60,000 ची नोंद मी वेळेवर केली नाही. केली ती ऑक्टोबरात, वेगळ्या शाईने, मागची तारीख टाकून. आणि मिस्त्रींचा फोन लागत नाही, काम सुरू होत नाही, हे दिसत असूनही मी ते कुणाला सांगितलं नाही. मंडळीतून कुणी विचारलं की "येतील येतील" म्हणायचे.

तो दुष्काळाचा हंगाम होता. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारने 151 तालुके दुष्काळी जाहीर केले, आमचाही त्यात होता. कापणीच्या सणाला अर्पणासाठी आलेली बाजरी दोन पोत्यांत मावली. लिलाव लवकर आटोपला, आणि उरलेल्या वेळात सेक्रेटरीभाऊंनी छप्पर-फंडाची वही मागितली.

नोव्हेंबरच्या पंचकमिटीत माझ्याकडून कपाटाची किल्ली, पावतीपुस्तकं आणि पासबुक काढून घेतलं गेलं. मी सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं. पुरावा मागितला. माझ्याकडे एकच साक्षीदार होता आणि त्याला स्वतःच्या बायकोचं नाव उच्चारता येत नव्हतं.

पण माझ्या जिव्हारी लागलं ते कमिटीचं बोलणं नव्हे. महिला मंडळातल्या थोरल्या आक्का, ज्यांच्यासोबत मी 20 वर्षं दर बुधवारी घरोघरच्या प्रार्थनेला गेले, ज्यांच्या सुनेच्या बाळंतपणात रात्रभर बसले, त्या उठून म्हणाल्या, "बाई वाईट न्हाई, पण नवरा मरणाच्या दारात असला की माणूस काय करंल सांगता येत न्हाई. घेतले असले तर सांगून टाकावं. आम्ही काय परके हाये?"

त्यांच्या आवाजात दया होती. त्या दयेनेच मला जाळलं.

तीन रविवार मी चर्चला गेले नाही. शाळेत मुलांना वजाबाकी शिकवताना माझं लक्ष उडायचं. गावात इतर समाजाची माणसंही विचारायला लागली, "काय हो बाई, तुमच्यात काहीतरी झालं म्हणे?" आमच्या लोकांना चार पिढ्या ऐकावं लागलंय की पोटासाठी धर्म बदलला. त्यात माझ्यामुळे नवीन वाक्याची भर पडली: देवाचे पैसेसुद्धा खाल्ले. मी रात्री प्रार्थनेला बसायचे आणि शब्द यायचे ते शापाचे. मला स्वतःची भीती वाटायला लागली होती.

त्या दिवसांत मी स्तोत्रसंहितेतलं 55 वं स्तोत्र पुन्हा वाचलं. आधीही वाचलं होतंच, पण तिथे दावीद काय म्हणतो आहे ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती. पण हा तर माझा सोबती, ज्याच्याबरोबर मी देवाच्या घरी चालत जात असे. आणि पुढे तो त्या माणसाबद्दल फार भयंकर मागणं मागतो. ते शास्त्रात तसंच ठेवलेलं आहे, कुणी पुसून काढलेलं नाही. लहानपणापासून शब्बाथशाळेत मला शिकवलं होतं की चांगल्या ख्रिस्ती बाईने रागावू नये. आता माझ्या मांडीवर उघड्या असलेल्या पानावर राग होता आणि तो देवाला सांगितलेला होता. मी त्या रात्री आक्कांबद्दल माझ्या मनात जे होतं ते सगळं, एकही शब्द गोड न करता, देवाला सांगितलं. सांगून झाल्यावर मी झोपले. कित्येक दिवसांनी झोप लागली.

यांची वाचा मात्र वेगळ्याच वाटेने परत येत होती. नगरच्या वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं की पाठ असलेलं, लयीत असलेलं म्हणायला लावा. गाणी, अंक, वार, प्रार्थना. मेंदूत नवं बोलणं आणि पाठ झालेलं बोलणं यांच्या वाटा वेगळ्या असतात, म्हणे. मी मनात आशा न धरता एका संध्याकाळी रेव्हरंड टिळकांचं एक जुनं भजन सुरू केलं. दुसऱ्या ओळीला यांनी सूर धरला. तिसऱ्या ओळीला शब्द आले. पूर्ण, स्वच्छ शब्द. मी थांबले तर हेही थांबले आणि मला खूण केली, पुढे म्हण. ज्या माणसाला "पाणी" म्हणता येत नव्हतं, तो पूर्ण कडवं गात होता.

मग रोज संध्याकाळी आमची घरची उपासना व्हायची. भजन, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" इतकं मी म्हटलं की पुढचं सगळं हे एका दमात म्हणायचे. अडखळायचे मी. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" या ओळीवर माझा घसा बंद व्हायचा. आपल्या मराठी प्रार्थनेत तिथे शब्द आहे ऋण. हिशेबाचा शब्द. माझ्या डोक्यावर न घेतलेलं ऋण होतं आणि मला दुसऱ्यांचं सोडायला सांगितलं जात होतं. कित्येक आठवडे मी ती ओळ म्हटली नाही. हे एकटेच म्हणायचे, मी पुढच्या ओळीला सामील व्हायचे. देवाला हे चालत असेल असं मला वाटायचं, कारण निदान मी खोटं म्हणत नव्हते.

पाळकसाहेब वयाने तरुण, मंडळीत येऊन वर्षही झालं नव्हतं. ते घरी आले. उपदेश केला नाही, यांच्या खाटेजवळ बसून दोन भजनं म्हटली. निघताना फक्त म्हणाले, "बाई, मत्तयाच्या 18 व्या अध्यायातला क्रम एकदा पाहा." मला तो पाठ होता. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने एकट्याला गाठ. नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत घे. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. आपण बहुतेक सगळे हा क्रम उलटा चालवतो. आधी मंडळीभर होतं, मग एकदोघांत कुजबुज, आणि समोरासमोर कधीच नाही.

मी आक्कांकडे एकटी गेले. त्यांनी चहा केला, आणि मी जे बोलले त्यावर म्हणाल्या, "मी तुझ्या भल्याचंच बोलले." एवढंच. दुसऱ्या खेपेला भावाला आणि पाळकीणबाईंना घेऊन गेले, तेव्हा तर आक्का खोलीतून बाहेरच आल्या नाहीत. मग मी पंचकमिटीला लेखी अर्ज दिला: माझा राजीनामा घेऊ नका, माझी चौकशी करा. तीन माणसांची समिती नेमा, त्यात एक बाहेरच्या मंडळीतला असावा, आणि जो निकाल येईल तो वार्षिक सभेत वाचून दाखवा.

अर्ज लिहिण्याआधी मी पेत्राचं पहिलं पत्र वाचत होते. दुसऱ्या अध्यायात तो विचारतो, पाप करून मार खाल्ला आणि सहन केलं, तर त्यात कसली कीर्ती? चांगलं करून दुःख सोसलं तर गोष्ट वेगळी. माझी पंचाईत अशी होती की माझ्या बाबतीत दोन्ही एकत्र मिसळलं होतं. मी चोरी केली नव्हती. पण हिशेब वाईट ठेवला होता. इतके दिवस मी सगळी टीका एकाच गाठोड्यात बांधून "खोटी" म्हणून बाजूला टाकत होते, आणि म्हणूनच ती रात्री परत येऊन बसत होती. मी कागदाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला खरं, दुसऱ्या बाजूला खोटं. खऱ्याच्या बाजूला तीन ओळी झाल्या. खोट्याच्या बाजूला एकच.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पैशाबद्दल एक जागा आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमली होती. ती पोचवायला पौलाचा सहकारी तीत आणि त्याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं निघाली, आणि पौल कारण देतो: या दानाच्या कामात आमच्यावर कुणी दोष ठेवू नये, फक्त प्रभूच्या दृष्टीने नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने योग्य ते व्हावं. प्रेषित पौलालासुद्धा "माझ्यावर विश्वास ठेवा" एवढं पुरेसं वाटलं नाही. आणि मी सहा वर्षं अर्पणाची पेटी घरी आणून एकटीच मोजत होते. माझी प्रामाणिकपणाची कल्पना अशी होती की देवाला माहीत आहे ना, झालं. हा अभिमान होता. मला तो विश्वास वाटत होता.

डिसेंबरच्या सभेत मी उभी राहिले आणि आधी त्या तीन ओळी वाचल्या. एकटीने मोजत होते, इसार रोखीने आणि कच्च्या कागदावर दिला, नोंद दोन महिने उशिरा करून मागची तारीख टाकली. ही माझी चूक आहे, मी मंडळीची क्षमा मागते. मग म्हटलं, पैसे मी घेतलेले नाहीत.

मला वाटलं होतं खरं बोलल्याने वारं फिरेल. फिरलं, पण उलट्या बाजूने. गावात पसरलं ते एवढंच, की बाईंनी कबूल केलं.

त्या नाताळात तरुण संघाची गाणी गाणारी मुलं आमच्या घरासमोर थांबली नाहीत. 24 तारखेच्या रात्री मी करंज्यांचा डबा आणि मोसंब्यांची पाटी ओट्यावर काढून ठेवली होती. गिटार आणि ढोलकीचा आवाज शेजारच्या गल्लीतून आला, कोपऱ्यावर आला, आणि पुढे गेला. हे खुर्चीत बसून वाट पाहत होते. आवाज लांब गेला तसं यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वर्षीची सगळ्यात वाईट रात्र कोणती म्हणून मला विचारलं तर मी दवाखान्यातली सांगणार नाही, ही सांगेन.

माझी पणजी पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्तीत, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, वाढलेली. 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंनी ज्या मुली आणल्या, त्यातली एक. आई तिच्या गोष्टी सांगायची, आणि त्यांत रमाबाई म्हणजे जणू दगडाची मूर्ती; वादळं आली, गेली, त्या हलल्या नाहीत. मीही तशीच कल्पना केली होती. त्या हिवाळ्यात यांच्या उशाशी बसून मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले आणि मूर्ती हलू लागली. 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला तेव्हा मांडीवर लहानगी मनोरमा. 1889 मध्ये मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. 1893 मध्ये मुलींना बाटवता असा गदारोळ झाला आणि पालक मुली काढून घेऊन गेले. ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला इंग्लंडमधल्या त्यांच्याच ख्रिस्ती गुरुभगिनी त्यांना सुनावत होत्या की तू हट्टी आहेस, गर्विष्ठ आहेस, चर्चची आज्ञा मानत नाहीस. तो पत्रव्यवहार छापलेला आहे. त्यात रमाबाई दगडासारख्या नाहीत. त्या दुखावतात. मुद्द्याला मुद्दा देऊन भांडतात. एका पुरोहितवर्गाचं जोखड टाकून आले ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नाही, असं सरळ लिहितात. आणि भांडून झाल्यावरही जे नातं टिकवता येईल ते टिकवतात. पुढे ऐकू येईनासं झालं, 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या, आणि त्याही दुःखात मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करण्याचं काम सुटलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या.

माझी गोष्ट त्यांच्यापुढे मुंगीएवढी, हे मला कळतं. पण एक आधार मिळाला. दोन्हीकडून मार खाणाऱ्या बाईला उत्तर देण्याची परवानगी आहे. गप्प बसणं म्हणजेच नम्रता, असं नाही.

जानेवारीत भाऊ आणि मी मिस्त्रींच्या शोधात निघालो. ते मूळचे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले, एवढंच माहीत होतं. तीन गावं फिरलो. चौथ्या गावी पत्र्याच्या खोलीत मिस्त्री खाटेवर सापडले. पुण्याला एका साइटवर परांचीवरून पडून खुबा मोडला होता, फोन तिथेच गेला. मला पाहून त्यांनी तोंड झाकलं. त्यांची बायको म्हणाली, "तुमच्या देवळाचं काम राह्यलं म्हणून रोज बोलत्यात." मी शिव्यांची पूर्ण तयारी करून गेले होते. समोर आणखी एक खाटेला खिळलेला माणूस आणि त्याच्या उशाशी बसलेली बाई होती. मी पिशवीतली मोसंबी काढून ठेवली आणि विचारलं, लाकूड कुठे आहे?

लाकूड नगरच्या वखारीत होतं. 13 ऑगस्टला, म्हणजे त्याच सोमवारी, मिस्त्रींनी 55,000 भरून माल बाजूला ठेवायला सांगितला होता. शेठनी बिलबुक काढलं: चर्चचं काम, गावाचं नाव, तारीख, रक्कम. वासे आणि तुळया मागच्या शेडमध्ये रचून ठेवलेल्या, धुळीने माखलेल्या. मी हात लावून पाहिला. भुसा पडला नाही. उरलेले 5,000 मिस्त्रींनी वाहतुकीसाठी आपल्याजवळ ठेवले होते आणि दवाखान्यात खर्च झाले. त्यांनी तसं लिहून अंगठ्यासह सही दिली.

फेब्रुवारीत चौकशी समिती आमच्या घरी आली. एक निवृत्त तलाठी, शेजारच्या मंडळीतले कॉलेजचे सर, आणि एक सिस्टर ज्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होत्या. वखारीचं बिल त्यांनी पाहिलं होतं. तरीही तलाठीकाका म्हणाले, नियमाप्रमाणे साक्षीदाराला विचारावं लागेल. यांना विचारलं, मिस्त्रींना पैसे दिले तेव्हा तुम्ही होता का? यांनी मान हलवली. मग काकांनी विचारलं, त्या दिवशी तुम्ही मुंबईला होता का? यांनी तशीच मान हलवली. सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "या आजारात असं होतं. मान हलवली ते उत्तर म्हणून धरता येत नाही." मला वाटलं, झालं.

मग काकांनी सहज विचारावं तसं विचारलं, "किती दिले होते हो?"

यांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. डावा हात उचलला, खाली ठेवला. मग यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं: एक, दोन, तीन, चार. सर म्हणाले, "राहू द्या, त्रास नका देऊ." सिस्टरनी हाताने त्यांना थांबवलं. अकरा, बारा. वीसपर्यंत आवाज सपाट होता, गाडीत माणसं मोजत असल्यासारखा. एकोणतीसला अडखळले, मागे जाऊन पंचविसापासून परत धरलं. चाळीस. भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कुणाचा आवाज नव्हता. एकोणपन्नास, पन्नास, एकावन्न. मी पदर तोंडाशी धरला होता, कारण थेट रकमेचा शब्द यांना सापडत नव्हता, पण पाठ असलेल्या वाटेने चालत हे तिथपर्यंत निघाले होते हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि थांबता येईल की नाही हे मला माहीत नव्हतं. घरी मोजताना हे कधी थांबू शकले नव्हते, शंभरपर्यंत जायचे. अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ.

हे थांबले. डोळे उघडले आणि तलाठीकाकांकडे पाहिलं.

जाताना काका दारात म्हणाले, "बाई, हे मला अहवालात घालता येणार नाही. घरी घोकून घेतलं म्हणतील." मी म्हटलं, नका घालू. अहवालात ते नाही.

31 मार्च 2019 च्या वार्षिक सभेत अहवाल वाचला गेला. 55,000 चा पुरावा मिळाला. 5,000 बद्दल मिस्त्रींच्या लेखी जबाबाखेरीज पुरावा नाही. अपहार झालेला नाही. खजिनदारांनी रोख व्यवहार व नोंदी ठेवण्यात हलगर्जी केली. काहींनी मला सुचवलं होतं की ते 5,000 खिशातून भरून टाक, विषय संपेल. मी भरले नाहीत. नंतर छपरासाठी माझी वेगळी देणगी दिली, तिची पावती घेतली; पण त्या ओळीच्या बदल्यात पैसे दिले असते तर माझ्या हाताने खोटं लिहिल्यासारखं झालं असतं. ती ओळ इतिवृत्तात अजून तशीच आहे.

क्षमा कुणी मागितली नाही. "बरं झालं बाई, सुटलात," असं दोघातिघांनी म्हटलं. मी ज्या क्षणाची आठ महिने कल्पना करत होते, तो आलाच नाही, आणि घरी येऊन मी रडले. निकाल लागला की मन मोकळं होईल असा माझा समज होता. त्याला आणखी वेळ लागला. त्या उपवासकाळात, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत, प्रभूची प्रार्थना आली तेव्हा ऋणाची ओळ मी म्हटली. मनापासून म्हटली असं छातीठोक सांगता येत नाही. पण आवाज निघाला.

त्याच सभेत मी चार ठराव मांडले आणि ते मंजूर झाले. अर्पण उपासनेनंतर तिथेच, दोघांनी मिळून मोजायचं आणि दोघांनी सही करायची. ठरावीक रकमेच्या वरचा खर्च चेकनेच. कच्ची पावती चालणार नाही. आणि महिन्याचा जमाखर्च दाराजवळच्या फळ्यावर लावायचा. वर्षाचा हिशेब सनदी लेखापाल तपासतात, ते महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 प्रमाणे करावंच लागतं. पण लेखापाल पाहतात ते कागद, आणि माझ्याकडे नेमका कागदच नव्हता. कुठल्याही मंडळीत, मंडळात, बचतगटात जी बाई किंवा जो भाऊ एकट्याने पेटी सांभाळतो आहे, त्याला माझी कळकळीची विनंती आहे: दुसरा माणूस शेजारी बसवा. तो तुमच्यावर पहारा म्हणून नव्हे, तुमचा साक्षीदार म्हणून. एक साक्षीदार आजारी पडू शकतो.

मे महिन्यात छप्पर झालं. मिस्त्री कुबडी घेऊन आले आणि खाली खुर्चीवर बसून मुलाकडून काम करून घेतलं. हे रोज संध्याकाळी काठी टेकत तिथपर्यंत जायचे.

2019 च्या ऑक्टोबरात उलटं झालं, अवकाळी पाऊस थांबेना. सोंगून ठेवलेल्या बाजरीच्या कणसांना मोड आले. तरी कापणीचा सण झाला. लोकांनी काळी पडलेली बाजरी, भोपळे, अंडी, एक करडू आणलं. बाहेर धो धो पाऊस आणि आत एकही थेंब नाही, लिलावाला गर्दी दाटलेली. हे पहिल्या बाकावर बसून भजन म्हणत होते. नवे खजिनदार गावाला गेले होते, म्हणून पाळकसाहेबांनी मोजायला दोन नावं पुकारली. एक माझं. दुसरं थोरल्या आक्कांचं. पाळकसाहेबांनी मुद्दाम केलं की कसं, मी कधी विचारलं नाही.

टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही बसलो. वर्षभरात आमचं बोलणं झालं नव्हतं. मी नोटा लावत होते, आक्का चिल्लर. त्यांना आता नीट दिसत नाही, दोनचं आणि रुपयाचं नाणं डोळ्यांजवळ नेऊन पाहत होत्या. मध्येच थांबून, नाण्यांकडेच बघत त्या म्हणाल्या, "गाणं लई बरं म्हणत्यात आता." मी म्हटलं, "हो आक्का." त्यांनी मोजलेली चवड माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "तू एकदा बघ." मी परत मोजली. बरोबर होती. त्यांनी मी मोजलेल्या नोटांच्या गड्डीसाठी हात पुढे केला, मी दिली. त्यांनी थुंकी न लावता, सावकाश, ओठ हलवत ती पूर्ण मोजली.

मग मी वही त्यांच्यापुढे ठेवली. आधी त्यांनी सही केली, मग मी.